जीवदयेची मोजदाद

खामगावहून बोथ्याच्या जंगलातून बुलढाण्याला जाणारा रस्ता व्यापारी घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे तो वसुलीचा रस्ता म्हणून. पेरणीच्या वेळी दिलेली उचल, कापूस-हरभरा निघाल्यावर होणारी फेड, थकलेल्या खात्यांसाठी मारलेल्या चकरा, हे सारे त्याच रस्त्याने घडत आले. दोन्ही अंगांना पसरलेले पानगळीचे रान गाडीच्या काचेतून दिसे, पण त्याकडे लक्ष देण्याचे कारण कधी पडले नाही. १९९७ साली हे रान ‘ज्ञानगंगा अभयारण्य’ म्हणून घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बाजारपेठेत या गोष्टीची फारशी नोंद झाली नाही.

नोंद झाली ती डिसेंबर २०१९ मध्ये. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ चालत चालत ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती, म्हणून त्याचा प्रवास कळला. पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, नाले, कालवे, महामार्ग ओलांडत, बहुतेक रात्री चालून आणि दिवसा दडून त्याने ही वाट काढली. पुढे त्याच्या एकूण भ्रमंतीचा आकडा ३,००० किलोमीटरच्या वर गेला. कागदोपत्री त्याचे नाव टी-१ सी-१. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. ज्ञानगंगेत त्याला भक्ष्य होते, पाणी होते, पण सोबतीण नव्हती. त्याच्यासाठी वाघीण आणून सोडावी का, याची चर्चा वनखात्यात बराच काळ चालली.

खामगावातील एका अडत पेढीच्या घरात ही बातमी इतरांपेक्षा अधिक बारकाईने वाचली गेली. घरची मुलगी त्या वेळी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. ते तिला आवडीने मिळालेले नव्हते. वैद्यकीय प्रवेशाला गुण कमी पडले, म्हणून विज्ञान शाखेत जे उरले ते घेतले, आणि पदवीनंतर बी.एड. किंवा लग्न, यांपैकी जे आधी जमेल ते, असा घराचा साधा हिशेब होता. या वाघाच्या निमित्ताने तिला प्रथमच कळले की जंगलातील प्राण्यांच्या मागे वर्षानुवर्षे नकाशे आणि आकडे घेऊन फिरणे हा एक रीतसर अभ्यास आहे, त्याची पदव्युत्तर पदवी आहे आणि तो करणारी माणसे पगार घेतात.

जैन घरातील मुलीला या शास्त्राची भाषा परकी वाटू नये. पाठशाळेत तिने लहानपणीच जीवांचे ५६३ भेद पाठ केले होते: नारकींचे १४, तिर्यंचांचे ४८, मनुष्यांचे ३०३, देवांचे १९८. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची उतरंड, पृथ्वीकाय-अप्कायापासून त्रसकायापर्यंतचे षट्काय, हे तिच्या जिभेवर होते. सजीवांचे वर्ग पाडून पाहण्याची सवय ज्या परंपरेत इतकी जुनी आहे, तिच्याच घरांत प्राणिशास्त्राच्या पदवीला ‘काही मिळाले नाही म्हणून घेतलेला विषय’ समजावे, हे थोडे विचित्रच म्हणायला हवे.

तिने घरी विषय काढला तेव्हा पहिली हरकत दादीजींची होती आणि ती पैशाची नव्हती. प्राणिशास्त्र म्हणजे बेडूक-उंदरांची चिरफाड, ही भीती आपल्या घरांत पूर्वापार आहे आणि ती निराधार नव्हती. कित्येक जैन मुलींनी केवळ त्या एका कारणाने हा विषय सोडला. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे मार्गदर्शन केले आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांवर ते थांबविण्यास सांगितले. आज तो भाग प्रतिकृती आणि संगणकावर शिकविला जातो. दादीजींना हे ठाऊक नव्हते. फार थोड्या घरांना ठाऊक आहे.

दादाजींची हरकत अधिक खोल होती. “बेटा, वाघाला वाचवायचे म्हणजे हरणाला मरू द्यायचे. मग यात दया कोठे राहिली?” या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हते आणि तिने ते असल्याचा आवही आणला नाही. पांजरपोळातील जीवदया एकेका जनावराची असते: ही गाय, हा जखमी बैल, हे कबूतर. संरक्षणशास्त्र पाहते ते समूहाकडे. किती जन्मले, किती टिकले, त्यांना चारा-पाणी कोणत्या रानातून मिळते, ते रान दुसऱ्या रानाशी जोडलेले आहे की तुटलेले. या दोन दृष्टी पुष्कळदा एकत्र चालतात आणि कधी कधी एकमेकींना छेदतात. ज्यांना पंचेंद्रिय जीवाच्या मृत्यूकडे पाहणे शक्य नाही, त्यांनी या क्षेत्रात येऊ नये, हेच प्रामाणिक उत्तर. वाघ शाकाहारी होणार नाही.

मग वडिलांची हरकत, आणि तिच्यात मात्र व्यापाराचे सारे शहाणपण होते: किती वर्षे, किती खर्च, आणि शेवटी काय?

देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ साली स्थापन झाली. वन्यजीवशास्त्राची तेथील एम.एस्सी. १९८८ पासून चालते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धनाची एम.एस्सी. २००४ साली सुरू झाली. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेची पदव्युत्तर पदवी आहे. १८८३ साली स्थापन झालेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी संशोधक घडविण्याचे काम करीत आली आहे. नावे मोठी, जागा मात्र अगदी थोड्या. देहरादून-बंगळुरूच्या तुकड्या पंधरा-वीसांच्या, त्याही वर्षानुवर्षे एकाआड एक वर्षी भरत आलेल्या. देशभरातून येणाऱ्या अर्जांपुढे ही संख्या किती अपुरी, हे सांगायला नको.

आणखी एक गाठ प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही. भारतीय वनसेवेची परीक्षा द्यायची तर पदवीला ठरावीक विषयांपैकी एक असावा लागतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, पशुवैद्यक, शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकी हे त्या यादीत आहेत. जैवतंत्रज्ञान आणि सूक्ष्मजीवशास्त्र नाहीत. ‘बायोटेक’च्या नावाला भुलून मोठे शुल्क भरणाऱ्या पालकांनी हे आधी वाचून घ्यावे. गावच्या महाविद्यालयातील साधी प्राणिशास्त्राची पदवी येथे अधिक मोलाची ठरते.

मुलीने देहरादूनची परीक्षा दिली. यादीत तिचे नाव आले नाही. घरात कोणी काही बोलले नाही, आणि न बोलणे हेच तिला अधिक लागले असावे. तिने संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. या वाटेला झगमगाट नाही. पण विदर्भातील बहुतेक मुले याच वाटेने जातात, आणि अभ्यास जर खरा असेल तर मेळघाट येथून हाकेच्या अंतरावर आहे.

त्याच सुमारास, २०२० च्या जूनमध्ये, लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले. सारा जिल्हा चकित झाला, कोणी शकुन पाहिले, कोणी अपशकुन. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले तेव्हा कारण निघाले ते खाऱ्या पाण्यात वाढणारे, ‘हॅलोआर्किया’ नावाचे सूक्ष्मजीव. पाणी आटले, क्षारता वाढली, त्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या रंगद्रव्याने सरोवर रंगले. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असतात हे ऐकत वाढलेल्या दादीजींना या बातमीचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. “मग आम्ही पाणी गाळतो ते उगाच का?” एवढेच त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून नातीच्या अभ्यासाविषयी त्यांचा विरोध मावळला, असे घरात मानले जाते.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी विषय निवडायचा होता. वर्गातील मुलांना वाघ हवा होता. तिने रोही घेतला.

रोही, म्हणजे नीलगाय, हा जिल्ह्यातील प्रत्येक अडत्याच्या खातेवहीत न लिहिलेला ऋणको आहे. ज्ञानगंगेच्या कडेच्या गावांत रात्री रोह्यांचे कळप आणि रानडुकरे पिकांत उतरतात. सोयाबीन, हरभरा, मका, काही सुटत नाही. शेतकरी माळ्यावर जागतो, डबे वाजवतो, आणि तरीही सकाळी अर्धे शिवार तुडवलेले असते. मग मंडीत पोती कमी येतात, उचल फिटत नाही, आणि पेढीवर तेच उत्तर ऐकू येते: “शेठजी, यंदा रोह्यांनी खाल्लं.” मुलीच्या वडिलांनी हे वाक्य तीस वर्षे ऐकले होते. ते खरे किती आणि सबब किती, याचा अंदाज त्यांना कधीही बांधता आला नाही.

नेमका हाच तिच्या प्रबंधाचा प्रश्न झाला. नुकसान मोजणे वाटते तितके सोपे नाही. तुडवलेले दिसते ते सारे बुडालेले नसते, कारण काही पीक पुन्हा फुटते. आणि जे दिसत नाही, ते सुगीला उतारा घटल्यावर कळते. प्रा. मिलिंद वाटवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ताडोबाच्या पश्चिम सीमेवरील गावांत या प्रश्नावर पूर्वी काम केले आहे. डोळ्यांनी पाहून केलेला पंचनामा आणि प्रत्यक्ष हाती आलेले उत्पन्न यांत अंतर पडते, हे त्यातून पुढे आले. त्या धर्तीवर तिने जंगलाच्या कडेपासून निरनिराळ्या अंतरांवरची शेते निवडली. प्रत्येक शेतात लहान चौकोन आखले, काहींना जाळीचे कुंपण घातले, काही उघडे ठेवले, आणि सुगीला दोन्हींतील दाणे तोलून फरक मांडला.

येथे पेढी कामाला आली. एका शहरी विद्यार्थिनीला गावात कोणी शेतात उभे केले नसते. पण वडील त्या गावांतील निम्म्या खातेदारांना नावानिशी ओळखत होते. त्यांनी जुन्या मुनीमजींना बरोबर दिले, आणि मुनीमजींनी पहिल्याच दिवशी चौकोनातील दाणे तोलण्याचा तिचा काटा नापास केला. दुसरा काटा पेढीवरूनच गेला. संध्याकाळी वडील तिच्या आकड्यांकडे पाहत बसत. नमुना घेऊन साऱ्या ढिगाचा अंदाज बांधणे, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. संख्याशास्त्र हे त्याचेच शिकलेले रूप आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. वाघांची गणतीही अशीच होते, हे तिने त्यांना दाखविले. पट्ट्यांची नक्षी प्रत्येक वाघाची निराळी. रानात वाटांच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावायचे, पहिल्या काही दिवसांत किती वाघ टिपले गेले आणि नंतरच्या दिवसांत त्यांतले किती पुन्हा आले, या प्रमाणावरून न दिसलेल्यांचाही अंदाज काढायचा. देशात २००६ पासून ठशांऐवजी ही पद्धत वापरली जाते. “म्हणजे निम्मे काम हिशेबाचेच आहे,” वडील म्हणाले. ते बरोबरच होते. छायाचित्रांच्या हौसेने या क्षेत्रात येणारी मुले पुष्कळदा गणितापाशी अडखळतात.

दादाजींना मात्र या आकड्यांतून काही निराळे दिसले. पीक खाणाऱ्या रोह्यांना आणि रानडुकरांना परवानगीने मारण्याची तरतूद राज्यात आहे, हे त्यांना माहीत होते. गावात बंदुकीची भाषा त्यांनी ऐकली होती. नुकसान मोजले गेले नाही तर भरपाई मिळत नाही, भरपाई मिळाली नाही की राग साठतो, आणि त्या रागाचे ओझे शेवटी त्या मुक्या जनावरावर जाते. स्थानकात दरवर्षी जीवदयेसाठी पेटी फिरते. त्या पेटीतून कुंपणाच्या एका प्रयोगाला, किंवा असे मोजमाप करणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या खर्चाला काही देता येईल का, असे त्यांनी एका चातुर्मासात सुचविले. विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि तेथून त्याच्या पुढच्या. समाज पांजरपोळाला हात आखडत नाही, पण चाऱ्याचा, रानाचा, प्राण्यांच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्याला शिष्यवृत्ती देण्याची कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही. हे कंजूषपणामुळे घडत नाही. त्या अभ्यासातही दया असू शकते, हे कोणी नीट सांगितलेले नाही.

व्यापारी घरातून या क्षेत्रात जाणे हे काही अघटित नव्हे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली मुंबईच्या व्यापारी कुटुंबातले. ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या खाण-लाकडाच्या धंद्यात त्यांना धाडले होते. तेथे ते पक्ष्यांमागे अधिक फिरले. मुंबईला परत येऊन त्यांनी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्राचे धडे घेतले आणि त्याच काळात सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. धंदा बुडाला. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षणात जागा मिळाली नाही. बर्लिनमध्ये शिकून आल्यावर मुंबईच्या संग्रहालयातील नोकरीही उरली नव्हती. अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले आणि त्यावरचा लेख १९३० च्या सुमारास प्रसिद्ध होऊन त्यांचे नाव झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी बंदुकीने टिपून अभ्यासले जात, आणि जैन वाचकाला ते वाचताना चरफड होतेच. आज त्या जागी जाळे, पायात घालायची कडी आणि कॅमेरा आले आहेत.

एम.एस्सी. संपल्यावर मुलीला मेळघाटच्या बाजूला एका प्रकल्पावर क्षेत्र-साहाय्यकाचे काम मिळाले, आणि खऱ्या अडचणी तेव्हा सुरू झाल्या. त्या अडचणी पुस्तकात नसतात. चौविहाराचा नियम. तळावर परतायला अंधार पडतो, आणि सूर्यास्तानंतर ती पाणीही घेत नाही. कंदमूळ वर्ज्य, आणि तळावरच्या स्वयंपाक्याला बटाट्याशिवाय भाजी सुचत नाही. पहिले काही आठवडे तिने खाकरे आणि भिजवलेल्या मुगांवर काढले. नंतर सहकाऱ्यांनीच दुपारच्या फेरीची वेळ अशी बसवली की तिचे जेवण चार-साडेचारला व्हावे. उन्हाळ्यात, कॅमेरे लावण्याच्या दिवसांत, ते जमले नाही. त्या दिवसांत तिने काय केले, हे तिने घरी सांगितले नाही आणि आईने विचारले नाही.

पैशाचे वास्तवही लपविण्यासारखे नाही. प्रकल्प असतो तोवर नोकरी असते. वर्ष, दोन वर्षे, मग नवा अर्ज. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. पण ती मिळणारे थोडे, आणि प्रकल्पावरचे मानधन बहुधा त्याहून कमी. वनसेवेत किंवा राज्याच्या वनक्षेत्रपाल परीक्षेत यश आले तर स्थैर्य आहे. प्राध्यापकी आहे, पण जागा निघण्याची वाट पाहावी लागते. डॉक्टरेटसह हा सारा काळ आठ-दहा वर्षांचा होतो. खरे सांगायचे तर हा गरीब घरच्या मुलांना न परवडणारा अभ्यास आहे, आणि ज्यांना परवडतो ती घरे त्याकडे पाहत नाहीत. ज्यांच्या मागे पेढी आहे, राहायला घर आहे, एक हंगाम बुडाला तरी चूल पेटते, अशा कुटुंबांनाच दहा वर्षांची उधारी झेपते. सोन्यात आणि जमिनीत आपण याहून लांब मुदतीचे पैसे अडकवून ठेवतो.

स्थळे येतात. मध्यंतरी जळगावकडचे एक चांगले घर आले होते. मुलाच्या वडिलांनी विचारले, “नोकरी कायम कधी होणार?” मुलीचे वडील म्हणाले, “आमची पेढी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिलाही कोणी कायम केलेले नाही.” पाहुणे हसले. स्थळ पुढे गेले नाही. आईला ते अजून खुपते. मुलगी सव्वीस वर्षांची झाली आहे, आणि धाकट्या चुलत बहिणीचे लग्न ठरले आहे.

सध्या ती संग्रामपूर तालुक्यात अंबाबारव्याच्या कडेला असते. हे अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग आहे. तेथील गावांत रोही आणि रानडुकरांच्या नुकसानीची मोजणी चालू आहे. हा तिचा तिसरा करार, आणि तो दिवाळीला संपतो. पीएच.डी.साठी तिने दोन ठिकाणी अर्ज केले आहेत; एकाचे उत्तर आलेले नाही, दुसऱ्याने मुलाखतीला बोलावले आहे. दादाजींनी निरोप पाठविला आहे की यंदा त्यांच्या अठ्ठाईचा विचार आहे, प्रकृतीचा भरवसा नाही, तर पर्युषणाचे आठ दिवस तिने घरी यावे. तिने अजून होकार दिलेला नाही. त्याच दिवसांत सोयाबीनला शेंगा भरतात, आणि रोही रात्री रानातून खाली उतरतात.